मेल परत येतोय? आधी कोणता पत्ता काळ्या यादीत आहे ते शोधा

कोटेशन पाठवून दोन दिवस झाले, उत्तर नाही. फोन केला तर समोरचे म्हणतात, "आमच्याकडे काहीच आलं नाही हो." शोधाशोध केल्यावर ते लॉटरी आणि कर्जाच्या जाहिरातींच्या ढिगात, स्पॅममध्ये सापडतं. नाहीतर मेल तिथवर पोचलेलाच नसतो आणि तुमच्याच इनबॉक्समध्ये 'मेल डिलिव्हरी सबसिस्टिम'चं एक इंग्रजी पत्र न वाचता पडून असतं.

स्वतःच्या डोमेनवरून (पत्त्यात @ च्या पुढे तुमच्याच नावाची वेबसाइट असलेला) मेल पाठवणारं वर्कशॉप, सीएचं ऑफिस, क्लास, संस्था असं काही तुम्ही चालवत असाल आणि कायमचा आयटीवाला पदरी नसेल, तर पुढचं तुमच्यासाठी. यातलं बरंचसं काम स्वतःला जमण्यासारखं आहे. जे जमणार नाही, त्यासाठी होस्टिंगवाल्याला (तुमची वेबसाइट आणि मेल ज्याच्या सर्व्हरवर आहेत त्याला) नेमकं काय विचारायचं एवढं कळलं तरी आठवडाभराची फोनाफोनी वाचते.

एक आधीच सांगतो. इंटरनेटवरच्या जोडणीला आकड्यांचा पत्ता असतो, त्याला आयपी म्हणतात. "आपला आयपी ब्लॅकलिस्ट झालाय" असं कुणी म्हटलं की लोक लगेच यादीतून नाव काढण्याचा फॉर्म भरायला धावतात. कोणता आयपी, कोणत्या यादीत आणि कशामुळे, ही तीन उत्तरं हातात नसताना भरलेला फॉर्म बहुतेक वेळा वाया जातो. पुन्हापुन्हा भरला तर पुढचा खरा अर्जही अवघड होऊन बसतो.

याद्या कुणाच्या आणि अडवतं कोण

तुमचा सर्व्हर समोरच्या सर्व्हरशी जोडला जातो तेव्हा समोरच्याला सगळ्यात आधी दिसतो तो आयपी पत्ता. पाठवणाऱ्याचं नाव, विषय, मजकूर हे नंतर. म्हणून आधी पत्ताच तपासून घ्यायचा, हा विचार पुढे आला. १९९७ मध्ये इंटरनेट अभियंता पॉल विक्सी यांनी स्पॅम पाठवणाऱ्या पत्त्यांची अशी पहिली यादी चालू केली. १९९८ मध्ये स्टीव्ह लिनफर्ड यांनी लंडनमध्ये स्पॅमहॉस सुरू केलं. आज सगळ्यात जास्त मान याच संस्थेच्या याद्यांना आहे.

यादी विचारण्याची पद्धत मोठी युक्तीची आहे. वेबसाइटचं नाव देऊन तिचा पत्ता मिळवायला जी डीएनएस यंत्रणा आपण रोज वापरतो, तीच इथेही वापरतात. समजा पाठवणाऱ्याचा पत्ता १९२.०.२.२५ आहे. समोरचा सर्व्हर तो उलटा करतो, २५.२.०.१९२, आणि त्यापुढे यादीचं नाव जोडून डीएनएसला विचारतो. उत्तर आलं नाही तर पत्ता स्वच्छ. १२७.०.०.२ असं काही उत्तर आलं तर पत्ता यादीत आहे, आणि शेवटचा आकडा कारण सांगतो. स्पॅमहॉसच्या 'झेन' या एकत्रित यादीत २ म्हणजे एसबीएल (स्पॅमशी संबंध असलेले पत्ते), ३ म्हणजे सीएसएस (आपोआप टिपलेले संशयास्पद पाठवणारे), ४ म्हणजे एक्सबीएल (बाधित यंत्रं), १० किंवा ११ म्हणजे पीबीएल (थेट मेल पाठवणं अपेक्षित नसलेले पत्ते). ही अक्षरं लक्षात ठेवा, पुढे सगळा उपाय त्यांच्यावरच ठरतो.

यादी स्वतः कुणाचाही मेल अडवत नाही. ती फक्त विचारलं तर सांगते. अडवायचा, स्पॅममध्ये टाकायचा की येऊ द्यायचा, हे समोरच्या सर्व्हरचा मालक ठरवतो. म्हणून यादीवाल्यांशी भांडण्यात अर्थ नसतो. अमेरिकेत ई३६० नावाच्या एका कंपनीने स्पॅमहॉसवर खटला भरला. स्पॅमहॉसने बाजू लढवणं सोडून दिल्यामुळे २००६ मध्ये एक कोटी सतरा लाख डॉलरची भरपाई मंजूर झाली. अपिलं होत होत २०११ मध्ये त्या रकमेचे उरले तीन डॉलर.

पायरी १: परत आलेलं पत्र शेवटपर्यंत वाचा

मेल बाऊन्स झाला असेल तर तुमचं नशीब चांगलं, कारण नकार का मिळाला ते त्यात लिहून आलेलं असतं. मेल मुकाट्याने स्पॅममध्ये पडतो तेव्हा तेवढीही सोय नसते. पत्रातला वरचा मोठ्या अक्षरातला मजकूर सोडून द्या आणि आकड्यांनी सुरू होणारी ओळ शोधा. ती साधारण अशी असते:

"५५४ ५.७.१ सर्व्हिस अनअव्हेलेबल; क्लायंट होस्ट १९२.०.२.२५ ब्लॉक्ड यूझिंग झेन.स्पॅमहॉस.ऑर्ग"

या एका ओळीत सगळं आहे. पहिला आकडा ५ ने सुरू होतो, म्हणजे नकार पक्का आहे आणि तुमचा सर्व्हर पुन्हा प्रयत्न करणार नाही. तो ४ ने सुरू झाला असता, ४२१ किंवा ४५१ असा, तर 'आत्ता नको, नंतर या' असा अर्थ होता. तेव्हा काही करायचं नसतं, सर्व्हर स्वतःच थोड्या थोड्या वेळाने पाठवत राहतो. मधला आयपी म्हणजे ज्या पत्त्याबद्दल तक्रार आहे तो. शेवटी यादीचं नाव. ही ओळ जशीच्या तशी कॉपी करून ठेवा. होस्टिंगवाल्याला "मेल जात नाहीत" असं सांगितलं तर तो "आमच्याकडून ओके आहे" म्हणून तिकीट बंद करतो. ही ओळ पाठवली की तसं म्हणता येत नाही.

प्रत्येक बाऊन्सला काळी यादी कारणीभूत नसते. ५.१.१ असेल तर तो पत्ताच अस्तित्वात नाही, स्पेलिंग तपासा. ५.२.२ म्हणजे समोरच्याची मेलबॉक्स भरलीय. जीमेलकडून ५.७.२६ आलं तर तुमच्या डोमेनची ओळख पटवणाऱ्या नोंदी नाहीत किंवा चुकल्या आहेत, त्याबद्दल पायरी ६ मध्ये. आउटलुक किंवा हॉटमेलच्या पत्त्यावरून परत आलेल्या पत्रात एस३१४० किंवा एस३१५० दिसलं तर ती मायक्रोसॉफ्टची स्वतःची यादी आहे. बाहेरच्या कुठल्याही तपासणीत ती दिसणार नाही.

आणि सावध राहा. "तुमचे सहा मेल अडकले आहेत, सोडवण्यासाठी इथे क्लिक करा" अशी पत्रं बाऊन्सच्या वेषात फिरत असतात. खऱ्या बाऊन्समध्ये तुम्ही खरोखर पाठवलेल्या मेलचा विषय आणि पत्ता असतो, आणि पासवर्ड तर तो कधीच मागत नाही.

पायरी २: पत्ते तीन, त्यातला कोणता?

इथे सगळ्यात जास्त गोंधळ होतो, म्हणून जरा थांबून वाचा. तुमच्या मेलशी तीन वेगवेगळ्या गोष्टी जोडलेल्या असतात. एक, ऑफिसच्या इंटरनेटचा आयपी, जो ब्रॉडबँडवाल्याने दिलेला असतो. दोन, तुमचा मेल बाहेर सोडणाऱ्या सर्व्हरचा आयपी, जो होस्टिंग कंपनीच्या डेटासेंटरमध्ये असतो. तीन, तुमचं डोमेन. यादीत यांपैकी कुठलाही असू शकतो आणि तिघांचे उपाय वेगळे आहेत.

नवखा माणूस काय करतो? ब्राउझरमध्ये 'माझा आयपी कोणता' असं शोधतो, आलेला आकडा तपासणीच्या पानावर टाकतो, लाल खूण दिसते आणि घाबरतो. तो आकडा ऑफिसच्या इंटरनेटचा असतो, आणि लाल खूण बहुतेक वेळा पीबीएलची असते. पीबीएलमध्ये नाव असणं हा गुन्हाच नाही. घरगुती आणि ऑफिसच्या जोडण्यांना दिलेले पत्ते त्यात सरसकट टाकलेले असतात. 'या पत्त्यावरून थेट दुसऱ्याच्या सर्व्हरकडे मेल जाणं अपेक्षित नाही' एवढंच ती यादी सांगते. तुम्ही आउटलुक किंवा थंडरबर्ड या मेल प्रोग्राममधून युझरनेम-पासवर्ड देऊन ५८७ किंवा ४६५ पोर्टवर (पोर्ट म्हणजे सर्व्हरचं क्रमांक दिलेलं दार) आपल्या मेल सर्व्हरला मेल देत असाल, तर पीबीएलशी तुमचा काही संबंध नाही. जुन्या सेटिंगमध्ये पोर्ट २५ राहिला असेल तर मात्र बदला.

पीबीएलचा खरा फटका बसतो तो ऑफिसमधल्या मशीनना. कागद स्कॅन करून परस्पर मेल करणारं झेरॉक्स मशीन, रोजचा रिपोर्ट मेल करणारं हजेरीचं यंत्र, सीसीटीव्हीचा डीव्हीआर. बसवणारा माणूस घाईत पोर्ट २५ टाकून, पासवर्ड न देता निघून जातो. मशीन मग स्वतःच समोरच्या सर्व्हरकडे मेल ढकलायला जातं आणि परत पाठवलं जातं. मशीनच्या सेटिंगमध्ये तुमच्या मेल सर्व्हरचं नाव, पोर्ट ५८७ आणि एका वेगळ्या मेलबॉक्सचा पासवर्ड भरला की काम होतं. यादीतून नाव काढायची गरजच पडत नाही.

आपल्याला हवा आहे तो दुसऱ्या क्रमांकाचा, सर्व्हरचा आयपी. तो शोधायची सोपी रीत: आपल्या डोमेनवरून स्वतःच्याच जीमेलवर एक मेल पाठवा. जीमेलमध्ये तो उघडून तीन टिंबांवर 'शो ओरिजिनल' निवडा. वरच्या चौकटीत एसपीएफ, डीकिम आणि डीमार्क (ही डोमेनची ओळखपत्रं, पायरी ६ पाहा) यांपुढे 'पास' की 'फेल' ते दिसेल, आणि एसपीएफच्या ओळीतच सर्व्हरचा आयपी असेल. खाली 'रिसीव्ह्ड' शब्दाने सुरू होणाऱ्या ओळींची उतरंड दिसते. मेल ज्या ज्या सर्व्हरमधून गेला त्या प्रत्येकाने आपली ओळ वर चिकटवलेली असते, म्हणून प्रवास खालून वर वाचायचा. यातल्या गूगलने स्वतः लिहिलेल्या ओळींवरच भरवसा ठेवा. त्यांच्या खालचं काहीही पाठवणाऱ्याला बनवून लिहिता येतं.

पायरी ३: यादी तपासा, पण सगळ्या लाल खुणा सारख्या मानू नका

सर्व्हरचा आयपी आणि डोमेन, दोन्ही आधी स्पॅमहॉसच्या स्वतःच्या तपासणी पानावर टाका. कारण आणि उपाय तिथेच लिहिलेले मिळतात. मग एमएक्सटूलबॉक्ससारखी साइट वापरा, ती एका दमात ढीगभर याद्या विचारते.

त्या ढिगातल्या थोड्याच याद्यांना बाजारात किंमत आहे: स्पॅमहॉस, बाराकुडा, स्पॅमकॉप, आणि त्यानंतर काही. यूसीईप्रोटेक्ट नावाच्या यादीचे तीन स्तर आहेत. पहिल्या स्तरात तुमचा नेमका आयपी असतो. दुसऱ्यात तुमच्या आसपासचा अख्खा पट्टा आणि तिसऱ्यात होस्टिंग कंपनीचं सगळं नेटवर्कच. तिसऱ्या स्तराची लाल खूण पाहून हवालदिल होणारे खूप भेटतात. त्यात तुमचं कर्तृत्व काहीच नसतं, आणि ती यादी बघून मेल अडवणारे सर्व्हरही फारसे नसतात. बाऊन्सच्या ओळीत तिचं नाव नसेल तर सोडून द्या.

उलटही होतं. सगळीकडे हिरवं आणि तरीही जीमेलमध्ये मेल स्पॅममध्ये. जीमेल आणि मायक्रोसॉफ्ट मुख्यतः स्वतःच्या नोंदींवर चालतात: तुमचे मेल लोक उघडतात का, 'रिपोर्ट स्पॅम' दाबतात का, ओळखीच्या नोंदी बरोबर आहेत का. तिथे काढून टाकण्याजोगी कुठली जाहीर यादीच नसते. असं असेल तर पायरी ४ वाचून थेट पायरी ६ वर जा.

पायरी ४: कारण शोधल्याशिवाय पुढे सरकू नका

छोट्या ऑफिसांत पहिला संशय घ्यायचा तो चोरीला गेलेल्या पासवर्डवर. अकाउंट्स विभागातल्या कुणाचा तरी पासवर्ड कंपनीचं नाव आणि १२३ असा असतो, तो फुटतो, आणि रात्रीतून त्या मेलबॉक्समधून हजारो मेल सुटतात. खुणा ओळखता येतात. न पाठवलेल्या मेलचे बाऊन्स येऊ लागतात. 'सेंट'मध्ये परके मेल दिसतात, किंवा सेंट अचानक रिकामा होतो. सेटिंगमध्ये कुणीतरी नियम टाकून ठेवलेला असतो की अमुक शब्द असलेला मेल आला की तो बाहेरच्या पत्त्यावर पाठवा आणि इथून पुसा. पासवर्ड बदलला तरी हा नियम तसाच राहतो आणि ग्राहकांचे मेल चोराला मिळत राहतात. म्हणून पासवर्ड बदला, सगळीकडचं लॉगिन तोडा, दुहेरी पडताळणी लावा आणि नियम व फॉरवर्डिंगचं पान स्वतः उघडून पाहा.

दुसरा संशयित वेबसाइट. वर्डप्रेसमधलं जुनं प्लगइन किंवा 'आमच्याशी संपर्क साधा' हा उघडा फॉर्म वापरून स्पॅम सोडला जातो. मेलबॉक्सचे पासवर्ड कितीही बदला, याने काही फरक पडत नाही, कारण मेल वेबसाइटच पाठवत असते. होस्टिंगवाल्याला विचारा: "गेल्या आठ दिवसांत आमच्या खात्यातून किती मेल बाहेर गेले, आणि ते मेलबॉक्समधून गेले की स्क्रिप्टमधून?" या प्रश्नाचं उत्तर त्याच्या लॉगमध्ये, म्हणजे सर्व्हरने ठेवलेल्या नोंदवहीत असतं.

यादीचं नाव एक्सबीएल असेल आणि आयपी ऑफिसच्या इंटरनेटचा असेल, तर त्या जोडणीमागे एखादं यंत्र बाधित आहे असा अर्थ. ते कॉम्प्युटर असेल, स्वस्तातला अँड्रॉइड टीव्ही बॉक्स असेल, पाहुण्यांच्या वायफायवरचा कुणाचा फोनही असेल. आपल्याकडे बरेच ब्रॉडबँडवाले एकच आयपी अनेक ग्राहकांत वाटतात. तेव्हा बाधित यंत्र शेजारच्या इमारतीतही असू शकतं. अशा वेळी स्टॅटिक (न बदलणारा, फक्त तुमचा) आयपी मागणं हाच सरळ मार्ग.

शेअर्ड होस्टिंगचं दुखणं याच जातीचं. एका सर्व्हरवर शेकडो वेबसाइट आणि सगळ्यांचे मेल एकाच आयपीवरून. सोसायटीत एका फ्लॅटच्या थकबाकीसाठी अख्ख्या इमारतीचं पाणी तोडावं तसं होतं. तुम्ही स्वच्छ असूनही अडकता आणि तुम्हाला करता येण्यासारखं थोडंच असतं.

चौथं कारण लोकांना ऐकायला आवडत नाही: आपण खरोखरच स्पॅम पाठवलेला असतो. प्रदर्शनातून मिळालेली व्हिजिटिंग कार्डं, कुणाकडून विकत घेतलेली 'पन्नास हजार उद्योजकांची' एक्सेल शीट, दिवाळीच्या शुभेच्छांना जोडलेला कॅटलॉग. परदेशातली महाराष्ट्र मंडळंही यात सापडतात. दहा वर्षांपूर्वीच्या सभासदांची यादी गणपतीच्या कार्यक्रमाच्या निमित्ताने बाहेर काढायची, सगळे पत्ते बीसीसीत टाकायचे आणि पाठवून द्यायचं. त्यातले कितीतरी पत्ते बंद झालेले असतात. काळी यादी ठेवणाऱ्या संस्था असे सोडून दिलेले पत्ते सापळा म्हणून वापरतात. अशा पत्त्याने तुमच्याकडे कधी काही मागितलेलंच नसतं, म्हणून तिथे मेल आला की तुमची पत्त्यांची यादी जुनी किंवा विकतची आहे हे आपोआप उघड होतं. हेतू चांगला होता, हे त्या यंत्रणेला कळत नाही.

एक कारण सहसा कुणाच्या ध्यानात येत नाही. ऑफिसच्या मेलबॉक्सवर येणारं सगळं साहेबांच्या जीमेलवर आपोआप फॉरवर्ड होत असतं. ऑफिसकडे आलेला स्पॅमही त्यात पुढे जातो, आणि जीमेलच्या दृष्टीने तो पाठवणारा तुमचा सर्व्हर ठरतो. फॉरवर्डिंग बंद करा आणि फोनच्या मेल ॲपमध्ये ऑफिसची मेलबॉक्स सरळ जोडून द्या.

पायरी ५: नाव काढून घेणं

कारण सापडलं, बंद केलं, आता अर्ज. स्पॅमहॉसच्या सीएसएस आणि एक्सबीएलमधून नाव काढण्याची विनंती तुम्हाला स्वतःला त्यांच्या तपासणी पानावरून करता येते. एसबीएलचं तसं नाही. तिथे तो आयपी ज्यांच्या मालकीचा, त्या होस्टिंग किंवा इंटरनेट कंपनीनेच बोलायचं असतं, तुम्ही कितीही लिहिलंत तरी उपयोग नाही. पीबीएलमधून नाव काढायची गरज फक्त स्टॅटिक आयपीवर स्वतःचा मेल सर्व्हर चालवणाऱ्यालाच पडते. डोमेन अडकलं असेल तर त्यांची डीबीएल ही वेगळी यादी आहे, तिचाही अर्ज तिथेच.

स्पॅमकॉपला काही लिहू नका. नव्या तक्रारी थांबल्या की साधारण २४ तासांत तिथलं नाव आपोआप जातं. बाराकुडाचा छोटा फॉर्म आहे. यूसीईप्रोटेक्टच्या पहिल्या स्तरातलं नाव स्पॅम थांबल्यावर सात दिवसांनी निघून जातं. लवकर काढायचं तर ते पैसे मागतात. देऊ नका. नाव काढायला स्पॅमहॉस पैसे घेत नाही, त्यामुळे "आम्ही तुमचा आयपी स्वच्छ करून देतो, अमुक हजार" म्हणणाऱ्या मधल्या माणसाची गरज नाही. मायक्रोसॉफ्टकडे दोन वेगळी दारं आहेत: कंपन्यांच्या मायक्रोसॉफ्ट ३६५ खात्यांकडून नकार आला तर एक पोर्टल, आणि आउटलुक-हॉटमेलच्या मोफत पत्त्यांकडून आला तर दुसरा फॉर्म.

अर्जात काय लिहायचं? साध्या इंग्रजीत चार ओळी. काय घडलं, ते कसं सापडलं, काय दुरुस्त केलं आणि कोणत्या तारखेला. उदाहरणार्थ: "अकाउंट्सच्या एका मेलबॉक्सचा पासवर्ड चोरीला गेला होता. ३ तारखेला आम्ही तो बदलला, दुहेरी पडताळणी लावली आणि रांगेत अडकलेले मेल पुसून टाकले. त्यानंतर बाहेर जाणारे मेल रोजच्या प्रमाणात आहेत." एवढं पुरे. "आम्ही प्रतिष्ठित कंपनी आहोत, आम्ही कधीच स्पॅम पाठवलेला नाही, आमचं नुकसान होतंय" असले अर्ज त्यांच्याकडे रोज येतात.

नाव निघाल्यावरही लगेच सगळं सुरळीत होत नाही. समोरचे सर्व्हर डीएनएसचं जुनं उत्तर थोडा वेळ धरून ठेवतात. काही तास जाऊ द्या आणि मगच पुन्हा पाठवा.

होस्टिंगवाला दाद देत नसेल, किंवा दर महिन्याला तेच होत असेल, तर वेबसाइट तिथेच ठेवून फक्त मेल हलवा. गूगल वर्कस्पेस, मायक्रोसॉफ्ट ३६५, झोहो मेल अशा सेवांकडे डोमेनच्या एमएक्स नोंदी (येणारा मेल कोणत्या सर्व्हरकडे द्यायचा ते सांगणाऱ्या) वळवायच्या. माझं स्पष्ट मत: दहा-वीस जणांच्या ऑफिसने स्वतःचा मेल सर्व्हर चालवायच्या भानगडीत पडू नये. वाचलेले पैसे पहिल्याच ब्लॅकलिस्टिंगमध्ये जातात.

पायरी ६: डोमेनची ओळखपत्रं

तीन नोंदी. एसपीएफ सांगते की आमच्या डोमेनच्या नावाने कोणते सर्व्हर मेल पाठवू शकतात. डीकिम प्रत्येक मेलवर डिजिटल सही करतं. डीमार्क सांगतं की या दोन्हींत नापास झालेल्या मेलचं समोरच्याने काय करावं, आणि त्याचा अहवाल कुठे पाठवावा. तिन्ही डोमेनच्या डीएनएसमध्ये लिहायच्या. मजकूर तुमच्या मेल सेवेच्या मदतपानावरून अक्षर न बदलता घ्या.

चूक हमखास होते ती एसपीएफमध्ये. आधीच्या होस्टिंगची नोंद असते, मग कुणीतरी गूगलची दुसरी नोंद टाकतं, मग न्यूजलेटर पाठवणाऱ्या सेवेची तिसरी. एका डोमेनला एसपीएफची नोंद एकच चालते. दोन झाल्या की दोन्ही निकामी. सगळ्या सेवा एकाच ओळीत गुंफायच्या. त्या ओळीमुळे होणाऱ्या डीएनएस चौकशांना दहाची मर्यादा आहे, म्हणून बंद केलेल्या सेवांची नावं काढून टाका. डीमार्क सुरुवातीला 'नन' (नापास मेलचं काही करू नका) धोरणावर ठेवा, काही आठवडे अहवाल पाहा, मग कडक करा. पहिल्याच दिवशी 'रिजेक्ट' (नापास मेल नाकारा) लावलं तर तुमच्या बिलिंग सॉफ्टवेअरचे मेल तुम्हीच बंद पाडाल.

फेब्रुवारी २०२४ पासून जीमेल आणि याहूने या नोंदींचा आग्रह धरला आहे. एसपीएफ किंवा डीकिम सगळ्यांनाच लागतं. जीमेलकडे दिवसाला पाच हजारांवर मेल पाठवणाऱ्यांना तिन्ही लागतात, शिवाय मेल घेणाऱ्याला एका क्लिकमध्ये तुमच्या पत्त्यांच्या यादीतून बाहेर पडण्याची सोय द्यावी लागते. स्पॅमच्या तक्रारी ०.३ टक्क्यांच्या आत ठेवाव्या लागतात, म्हणजे हजार मेलमागे तीनसुद्धा जास्तच. मायक्रोसॉफ्टने मोठ्या प्रमाणावर पाठवणाऱ्यांसाठी २०२५ मध्ये असेच नियम आणले.

तोपर्यंत अडलेलं काम

टेंडरची मुदत उद्या आहे आणि यादीतून नाव निघायला वेळ आहे, तर दुसऱ्या खात्यावरून पाठवा आणि फोन करा. मात्र न्यूजलेटर किंवा शुभेच्छांसारखे घाऊक मेल दुसरीकडून सोडू नका, नाहीतर ते खातंही त्याच वाटेने जाईल. ज्यांच्याकडे मेल स्पॅममध्ये सापडला त्यांना तो नुसता वाचून सोडू नका म्हणावं. 'नॉट स्पॅम' दाबा आणि आमचा पत्ता कॉन्टॅक्टमध्ये टाका, असं सांगा. जीमेल स्पॅममधले मेल ३० दिवसांनी पुसून टाकतं, तेव्हा जुनं बिल शोधायचं असेल तर वेळेत शोधायला लावा.

दोष समोरच्याचा असेल तर

तुम्ही सगळं तपासलं, स्पॅमहॉसच्या पानावर पत्ता स्वच्छ आहे, जीमेल-आउटलुकला मेल व्यवस्थित जातात, फक्त एकाच कंपनीकडून बाऊन्स येतो आणि त्यात स्पॅमहॉसचं नाव आहे. अशा वेळी समोरच्या सर्व्हरची मांडणी चुकलेली असण्याची दाट शक्यता आहे. गूगलच्या ८.८.८.८ किंवा क्लाउडफ्लेअरच्या १.१.१.१ सारख्या सार्वजनिक डीएनएसमार्फत स्पॅमहॉसच्या मोफत यादीला विचारलं तर ते उत्तर देतात १२७.२५५.२५५.२५४, म्हणजे 'या मार्गाने विचारू नका'. घाईत बसवलेला सर्व्हर आकडा वाचतच नाही. उत्तर आलं म्हणजे पत्ता यादीत आहे, असं धरून तो येणाऱ्या प्रत्येकाला हाकलतो.

बंद पडलेल्या याद्यांमुळेही हे घडतं. जानेवारी २०२१ च्या शेवटी स्पॅमकॉपच्या डोमेनचं नूतनीकरण राहून गेलं, डोमेन एका जाहिरातीच्या पानाकडे वळलं आणि प्रत्येक चौकशीला काही ना काही उत्तर मिळू लागलं. जगभरचे चांगले पत्ते अचानक 'यादीत' आले. सॉर्ब्स ही जुनी यादी जून २०२४ मध्ये बंद झाली, तरी तिचं नाव अजून कित्येकांच्या सेटिंगमध्ये असेल.

त्यांच्या आयटीवाल्याला फोनवर एवढंच सांगा: कुठल्याही नीट चालणाऱ्या यादीत १२७.०.०.२ हा चाचणीचा पत्ता सापडला पाहिजे आणि १२७.०.०.१ सापडता कामा नये. तुमच्या मेल सर्व्हरवरून दोन्ही विचारून बघा. दोन्ही सापडत असतील तर तुमचा सर्व्हर जगातल्या सगळ्यांनाच अडवतोय. चौकशा आपल्या स्वतःच्या डीएनएस सर्व्हरवरून करा, नाहीतर स्पॅमहॉसकडे नोंदणी करून त्यांनी दिलेली किल्ली वापरा. आयटीवाला हे करीपर्यंत त्या कंपनीची बिलं दुसऱ्या खात्यावरून पाठवा आणि पोचल्याचं फोनवर विचारून घ्या.